निळ्या फायलीतलं वाक्य

"कोण येतोय?" आबांनी विचारलं.

फॅक्स मशीनमधून निघालेला गुळगुळीत कागद माझ्या हातात सारखा गुंडाळला जात होता आणि मी तो सारखा सरळ करत होते. शनिवार होता, सकाळचे साडेनऊ. आबा त्यांच्या खुर्चीत बसून बशीत चहा ओतत होते.

"होल्म म्हणून कुणी साहेब आहेत. डेन्मार्कहून. गुरुवारी अकरा वाजता येणार."

"कशाला?"

"आपण बोलावलंय म्हणून."

आबांची बशी ओठांपाशी थांबली. "आपण? आपण कवा बोलावलं?"

मी परत कागदाकडे पाहिलं, जणू दरम्यान मजकूर बदलला असेल. बदलला नव्हता. तुमच्या पत्रातल्या निमंत्रणाबद्दल आभारी आहोत, पंपाच्या केसिंगची पाण्याच्या दाबाची चाचणी प्रत्यक्ष बघायला आमचे मिस्टर होल्म चौदा तारखेला येत आहेत, असं तो म्हणत होता. तुमच्या पत्रातल्या म्हणजे माझ्या. ते पत्र मीच लिहिलं होतं, मीच टाइप केलं होतं आणि आबा घाईत असताना त्यावर त्यांची सही मीच घेतली होती.

"त्या पत्रात तसं एक वाक्य होतं, आबा."

"वाक्य हुतं म्हंजे? ते काय आपसूक येऊन बसलं तिथं?"

खरं सांगायचं तर आपसूकच येऊन बसलं होतं.

ही शहाण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीत आबा शिरगाव्यांची लोखंड ओतायची फाउंड्री होती आणि मी, पद्मजा मगदूम, वय वर्षं एकवीस, तिथल्या प्रयोगशाळेत लागून साडेपाच महिने झाले होते. सहा महिने भरले की मला कायम करायचं की घरी पाठवायचं ते आबा ठरवणार होते. धातुशास्त्राचा डिप्लोमा होता माझा. सूत्रं विचारा, झोपेत सांगितली असती. पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली मी, इंग्रजीत चार ओळी लिहायच्या म्हटलं की माझ्या हाताला घाम सुटायचा. आणि नेमका पत्रव्यवहार माझ्या गळ्यात पडला होता, कारण हेडक्लार्क इनामदार निवृत्त झाले होते आणि आबांच्या मते डिप्लोमा झालेल्या माणसाला इंग्रजी येतंच.

जाताना इनामदारांनी मला एक निळी फाइल दिली होती. बावीस वर्षांत त्यांनी लिहिलेल्या पत्रांच्या आणि रिपोर्टांच्या नकला तिच्यात लावलेल्या होत्या. "नवं वाक्य करायच्या फंदात पडू नकोस," त्यांनी मला बजावलं होतं. "ह्यातलं उचलायचं. नाव बदलायचं, तारीख बदलायची, खाली सही. बावीस वर्षं चाललेली वाक्यं आहेत ही, तुझ्या हातात काही मोडायची नाहीत."

मी मनापासून उचलत होते. काही वाक्यं तर मला अर्थाच्या आधीच आवडायला लागली होती. 'वुई हॅव ग्रेट प्लेझर इन इन्व्हायटिंग युवर एस्टीम्ड रिप्रेझेंटेटिव्ह' हे त्यातलं सगळ्यांत लाडकं. वाचताना लग्नपत्रिका हातात घेतल्यासारखं वाटायचं. डेन्मार्कच्या पंप कंपनीला नमुन्याची चार केसिंगं करून देतो, असं पत्र लिहायचं होतं, तेव्हा ते वाक्य मी शेवटी हौसेनं लावून दिलं. मूळ पत्रात पुढे चाचणीची तारीख होती, म्हणून मीही तारीख घातली. गुरुवार बरा वाटला म्हणून गुरुवार.

मूळ पत्रातली ती चाचणी दुसऱ्याच कारखान्यात नेऊन केली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे चाचणीचं साधन म्हणून एक खिळासुद्धा नव्हता.

"त्यांना लिही, येऊ नका म्हणून," आबा म्हणाले.

मी निळी फाइल आणून पहिल्या पानापासून चाळली. परत शेवटाकडून चाळली. आबा बघत होते.

"काय झालं?"

"ह्यात नकाराचं पत्रच नाही, आबा."

खरोखर नव्हतं. इनामदारांनी बावीस वर्षांत कुणालाही नाही म्हटलेलं नव्हतं. आनंद होत आहे, आभारी आहोत, लवकरच पाठवू, हे सगळं होतं. येऊ नका, आम्हाला जमत नाही, हे कुठंच नव्हतं आणि ते स्वतःच्या मनानं इंग्रजीत लिहायचं तर मला चौदा तारीख उजाडली असती.

तेवढ्यात शामूअण्णा आत आले. शामराव चौगुले, आमचे मुख्य मोल्डर. वाळूचे साचे करण्यात त्यांचा हात धरणारं वसाहतीत कुणी नव्हतं. हातभर काळी वाळू लागलेली, कानावर विडी. आबांनी त्यांना सगळं सांगितलं आणि शेवटी माझ्याकडे हात केला.

शामूअण्णा खो-खो हसत सुटले. "मॅडमनी पाव्हणं बोलावलं व्हय! मग येऊ द्यात की. आपुनच आवतान धाडायचं आन आपुनच दाराला कडी लावायची? गावात तोंड दाखवाय नको कुणाला."

आबा बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. ट्रॅक्टरवाल्या कंपनीनं काम निम्म्यावर आणलं होतं. त्यामुळे भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटत होती आणि बेचाळीस माणसं अर्ध्या पगारावर होती. डेन्मार्कची ऑर्डर लागली तर भट्टी सहा दिवस पेटणार होती. हे फाउंड्रीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पाच दिवस हायती," आबा शेवटी म्हणाले. "शामू, टेस्टिंगचं साधन उभं करायचं. आन पोरी, तू ऐक. हे तू वढवून आणलंयस. निस्तरलं तर तू कायम. अंगाशी आलं तर शनवारपास्नं घरी."

पुढचे पाच दिवस जसे गेले, तसे दिवस मला नंतर फार थोडे मिळाले. रविवारी फाउंड्री बंद असते, पण त्या रविवारी नव्हती. केसिंग म्हणजे पंपाचं बाहेरचं कवच, बसल्या म्हशीएवढं. नमुन्याची चारही आधीच ओतून झाली होती. त्याची दोन्ही तोंडं बंद करायची, आत पाणी भरायचं आणि वर चौरस सेंटिमीटरला चोवीस किलोचा दाब देऊन अर्धा तास धरायचा. एक थेंब बाहेर दिसला की नापास. तोंडं बंद करायला बोटभर जाड पोलादी झाकणं हवी होती. ती आबांनी एका मोडक्या प्रेसमधून कापून आणली आणि शेजारच्या लेथवाल्याला रविवारच्या जेवणावरून उठवून घासून घेतली. बॉयलर दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडून हातानं दाबायचा टेस्ट पंप आला. दाब मोजायचं मीटर मी स्वतः पॉलिटेक्निकमधल्या माझ्या सरांकडून तपासून आणलं, एसटीत मांडीवर ठेवून, लहान मुलासारखं दोन्ही हातांनी धरून. झाकणाखाली घालायला रबर मात्र मिळेना. मग शामूअण्णांनी साखर कारखान्यातल्या मेव्हण्याकडून जुन्या पट्ट्याचा तुकडा आणला.

"मेव्हण्यानं इचारलं, कशाला पायजे? म्हटलं, आमच्या मॅडमनी इंग्लिश लिवलंय, ते बुजवाय पायजे."

हे सांगून ते दिवसभर हसवत होते आणि मी रागवायचं सोडून स्वतःच हसत होते.

मंगळवारी पहिल्यांदा पाणी भरलं. एक जण दांडा मारायचा, मी मीटरवरचे आकडे मोठ्यानं म्हणायचे. तीन, पाच, सात. सगळी माणसं कामं टाकून भोवती उभी. मी नऊ म्हणाले आणि फाडकन रबर सुटलं. पाण्याचा फवारा थेट आबांवर. त्यांचा पांढरास्वच्छ शर्ट, धोतर, खिशातली डायरी, सगळं ओलं चिंब. आबांनी मिशीवरचं पाणी निपटलं आणि म्हणाले, "बोल्ट आठ न्हाई, बारा मारा."

हायड्रोस्टॅटिक, म्हणजे पाण्याच्या दाबाचा, हा शब्द मी तोपर्यंत दोनशे वेळा टाइप केला असेल. तो नेमका काय असतो, ते मला त्या दिवशी कळलं.

आणि त्याच आठवड्यात मी आणखी एक गोष्ट करत होते, कुणाला न सांगता. आपण न कळता आणखी काय काय कबूल करून बसलोय, ह्या धास्तीनं मी डेन्मार्कला गेलेल्या पत्राची नक्कल घरी नेली होती आणि शब्दकोश घेऊन एकेक वाक्य सोडवत होते. बसच्या रांगेत एक, जेवताना एक. त्या एका पानात मी नऊ गोष्टी कबूल केल्या होत्या. आमचे भाव दोन महिने बदलणार नाहीत, पॅकिंग लाकडी खोक्यात असेल, वगैरे. आठवी गोष्ट अशी होती, की तुमच्या ड्रॉइंगवरच्या सगळ्या सूचना आम्ही वाचल्या आहेत आणि त्या आम्हाला मान्य आहेत. वाचल्या कुणीच नव्हत्या.

बुधवारी दुपारी बारा बोल्टांवर चोवीस किलो दाब टिकला. पहिलं केसिंग कोरडं. दुसरं कोरडं. माणसांनी टाळ्या वाजवल्या, शामूअण्णांनी कुणाला तरी पेढे आणायला पिटाळलं. तिसऱ्याला विसाव्या मिनिटाला गळ्यापाशी ओल दिसली. आधी घाम आल्यासारखी, मग एक थेंब जमला आणि घरंगळला. चौथं परत कोरडं.

"एवढंच ना?" शामूअण्णा म्हणाले. "ह्येला गुटी द्यायला लागणार."

संध्याकाळी त्यांनी बादलीत पांढरे खडे विरघळवले. वासावरून मी ओळखलं, नवसागर. तिसरं केसिंग त्या पाण्यानं भरून त्यांनी रात्रभरासाठी ठेवून दिलं. लोखंडात केसाएवढी भोकं असली, की नवसागराच्या पाण्यानं त्यांच्यात गंज धरतो, फुगतो आणि तोच गंज भोक बुजवतो. त्यामागचं रसायन मला पाठ होतं. ते असं बादलीत मात्र मी पहिल्यांदाच बघत होते.

"हे दरवेळी करता, अण्णा?"

"माझा बा करायचा, मी करतोय. लेकराला बाळगुटी देत्यात का न्हाई? तसं हे."

गुरुवारी सकाळी चहा पिता पिता मी ड्रॉइंगवरची शेवटची सूचना सोडवायला घेतली. अक्षर मुंगीएवढं होतं. गळती, शब्दकोशात सापडली. भरणे किंवा बुजवणे, सापडलं. लेखी परवानगीशिवाय. आणि शेवटी एकच शब्द, नाकारले जाईल. माझा चहा तसाच राहिला. मी आठच्या बसनं फाउंड्रीत पोचले.

शामूअण्णा तिसऱ्या केसिंगमधलं पाणी ओतून देत होते. मी त्यांना सूचना वाचून दाखवली, मराठीत.

त्यांचा चेहराच पडला. "म्हंजे मी फसवणूक केली म्हणा की."

"असं नाही म्हणत मी, अण्णा."

"मग कसं म्हणताय? चाळीस वर्सं झाली. माझी एक केसिंग कुटं फुटून आली न्हाई. मी काय चोरून पाजलं व्हय? तुमच्या देखत पाजलं." आणि ते पाठ फिरवून साच्यांकडे निघून गेले.

आबा केबिनमध्ये फेट्याची घडी सारखी करत होते, पाहुण्यासाठी. मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिपोर्टात त्येचा रकाना असतोय का?"

"सातवा रकाना. दुरुस्ती, केली असल्यास."

"इनामदार काय लिवायचे त्यात?"

"निल." म्हणजे काही नाही.

"दरवेळी?"

रिपोर्टाचे रकाने भरताना मी काल रात्रीच फाइल बघितली होती. "दरवेळी."

"मग निल," आबा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "बेचाळीस घरं हायती, पद्मा. त्यातलं एक तुजं." त्याआधी इतक्या महिन्यांत त्यांनी मला कधी नावानं हाक मारल्याचं आठवत नाही. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

होल्म साहेब उंच, साठीला आलेले, उन्हानं लाल झालेले होते. आबांनी त्यांना नारळ दिला आणि भगवा फेटा बांधला. तो त्यांनी इतक्या आनंदानं बांधून घेतला, की पुढचे चार तास काढलाच नाही. मी घोकून ठेवलेलं स्वागताचं वाक्य म्हटलं. ते म्हणाले, "हळू बोला. माझं इंग्रजी चांगलं नाही." मी चमकून बघितलं. त्यांच्या शर्टाच्या खिशातून एक छोटा शब्दकोश डोकावत होता, कडा झिजलेला, पाठीला चिकटपट्टी लावलेला. त्या क्षणी माझा निम्मा जीव भांड्यात पडला. उरलेला निम्मा सातव्या रकान्यात अडकलेला होता.

चाचणी सुरू झाली. पहिलं, दुसरं, चौथं. मग तिसरं. होल्म साहेब गुडघ्यांवर बसून गळ्यापाशी टॉर्च मारत होते. मी मिनिटं मोजत होते. विसावं मिनिट आलं. गेलं. पंचविसावं. माझ्या तळहातांना घाम फुटला होता, केसिंगला नाही. तीस. लोखंड ठणठणीत कोरडं. कुणीतरी शिट्टी मारली, मागच्या माणसांनी एकच गलका केला आणि लेथवाल्यानं तर मला उचलायचंच बाकी ठेवलं होतं. आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुसलं.

"रिपोर्ट?" होल्म साहेबांनी विचारलं.

"दहा मिनिटांत," मी म्हणाले.

टाइपरायटरवर रिपोर्ट चढवलेलाच होता. फाइलमधून उचललेले सहा रकाने भरून तयार होते. सातवा रिकामा. डावीकडे निळी फाइल उघडी, तिच्यात त्याच जागी तीन अक्षरं. तीन कळा दाबायच्या होत्या, की मी कायम. बाहेर अजून गलका चालू होता. मला तो आवडत होता, त्यात माझाही वाटा होता. मी एन दाबायला बोट नेलं आणि मला सकाळचा शामूअण्णांचा चेहरा आठवला. मी काय चोरून पाजलं व्हय? त्यांनी चोरून पाजलं नव्हतं. चोरी ह्या रकान्यात होणार होती, आणि ती मी करणार होते. ह्या वेळी तर मला वाक्याचा अर्थ कळत नव्हता, असंही म्हणता येणार नव्हतं.

मी फाइल मिटली. आयुष्यात पहिल्यांदा इंग्रजीचं स्वतःचं वाक्य करायला बसले. 'यस्टरडे नंबर थ्री वॉज लीकिंग.' इथपर्यंत जमलं. नवसागराला इंग्रजीत काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना, तेव्हा मी सरळ त्याचं रासायनिक सूत्र टाइप केलं. काल तीन नंबर गळत होतं. आम्ही त्याला ह्या सूत्राचं पाणी पाजलं. आज ते गळत नाही. एवढंच. कुठं ग्रेट प्लेझर नाही, एस्टीम्ड नाही. पहिलीतल्या मुलानं लिहिल्यासारखं दिसत होतं.

कागद घेऊन बाहेर आले. सही आबांची लागणार होती.

"निल लिवलंस न्हवं?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही, आबा." आणि मी तो रकाना मराठीत वाचला. हळू वाचायचा होता, पण आवाज मोठा निघाला. गलका थांबला. होल्म साहेब एकदा माझ्याकडे, एकदा आबांकडे बघत होते. त्यांना काय चाललंय ते कळत नव्हतं, पण काहीतरी चाललंय हे कळत होतं.

आबांचा चेहरा दगडासारखा झाला. ते काही बोलायच्या आत शामूअण्णा पुढे आले.

"बरोबर लिवलंय की," ते म्हणाले. "पाजलंयच मी. लपवाय काय हाय त्यात? मॅडम, माजं नाव बी घाला. शामराव दाजी चौगुले यांनी पाजलं म्हणून."

आबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पेन दे," ते म्हणाले. सही करताना कागद फाटतो की काय इतकी जोरात केली.

होल्म साहेबांनी रिपोर्ट उभ्याउभ्याच वाचला. सातव्या रकान्यापाशी थांबले. शब्दकोश काढला नाही. परत वाचला. मग ते तिसऱ्या केसिंगपाशी गेले, गळ्यावर बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "हे कापा."

"कापा?"

"इथून. आडवं."

हॅक्सॉ मशीनवर ते कापायला तास लागला. त्या तासात कुणी जेवायला गेलं नाही. मी कोपऱ्यात उभी राहून शनिवारी घरी गेल्यावर आईला काय सांगायचं ते ठरवत होते. दोन भाग बाजूला झाले. होल्म साहेबांनी टॉर्च मारला आणि शामूअण्णांना हातानं जवळ बोलावलं.

जाड गळा जिथं पातळ भिंतीला मिळतो, तिथं आत स्पंजासारखी भोकं होती. शामूअण्णा वाकले. चाळीस वर्षं ते बाहेरून बुजवत आलेले होते. आतून त्यांनी कधीच बघितलं नव्हतं. त्यांनी बोट घातलं, नखानं खरवडलं.

"आयला," ते म्हणाले. मग एकदम मोठ्यानं, "आयला! हितं रस कमी पडतोय! लोखंड थंड हुताना आकसतंय आन वरनं पुरवाय कायच न्हाई! आबा, रायझर तिकडं न्हाई, हितं पायजे, गळ्यावर!" रायझर म्हणजे साच्याला जोडलेला जादा रसाचा साठा, लोखंड आकसताना भर घालणारा.

त्यांनी होल्म साहेबांचा हात धरला आणि त्यांना सरळ वाळूच्या ढिगापाशी ओढत नेलं. उकिडवे बसून वाळूत बोटानं साचा काढला. होल्म साहेबांनी शेजारी फेट्यासकट बसकण मारली, मान हलवली, अण्णांनी काढलेली रेघ पुसून दुसरी काढली. अण्णांनी ती पुसून तिसरी काढली. एक मराठी बोलत होता, एक बहुतेक डॅनिश, आणि मी दोघांच्या मध्ये उभी होते. मला भाषांतराला कुणी विचारलंच नाही. वीस मिनिटांनी दोघं गुडघे झाडत उठले, तेव्हा दोघांच्या पँटींचा रंग एकच झाला होता.

रिपोर्टाच्या तळाशी होल्म साहेबांनी हातानं लिहिलं. तीन स्वीकारली, एक नाकारलं. नव्या जागी रायझर लावून आणखी चार पाठवा. ती उतरली तर दर महिना साठ. मी आकडा वाचला आणि परत वाचला. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी टेबलावरची पेढ्यांची परात उचलून माझ्या हातात दिली, सगळीच्या सगळी.

जाताना गाडीपाशी मी होल्म साहेबांना विचारलंच. कापलेल्या केसिंगबद्दल नाही, माझ्या पत्राबद्दल. आठवडाभर तेच मला खात होतं.

"तुम्ही इतक्या लांब का आलात?"

ते शब्द जुळवत थोडे थांबले. "सगळे लिहितात, चाचणी बघायला कधीही या," ते म्हणाले. "अकरा वर्षं वाचतोय. कधीही म्हणजे येऊ नका. तुम्ही लिहिलं गुरुवार. मी ऑफिसात म्हणालो, इथं कुणीतरी खरंच बोलावतंय."

गुरुवार मी कसा घातला, ते मी त्यांना सांगितलं नाही. शनिवारी आबांनी मला कायम केलं. तो रिपोर्ट मी निळ्या फायलीत लावला, सगळ्यांत वर.

मध्ये अठ्ठावीस वर्षं गेली. फाउंड्री तीनपट झाली, आबांच्या खुर्चीत त्यांची नात बसते, शामूअण्णांचा फोटो साच्यांच्या खात्यात लावलेला आहे. तपासणी खातं माझ्याकडे आहे. कागद आता संगणकावर असतात, पण निळी फाइल कुणीतरी स्कॅन करून ठेवली, हे मला माहीत नव्हतं.

मागच्या महिन्यात ऋतुजा नावाची नवी मुलगी लागली. गडहिंग्लजची, डिप्लोमा झालेली, बोलताना ओढणीचं टोक पिळणारी. परवा तिनं पहिला रिपोर्ट सहीसाठी आणला. मी वरवर बघत खाली आले आणि सातव्या रकान्यापाशी थांबले. काल तीन नंबर गळत होतं, तिथं इंग्रजीत लिहिलं होतं. आम्ही त्याला पाणी पाजलं. आज ते गळत नाही. सूत्रासकट, शब्द न् शब्द.

"ऋतुजा, तीन नंबर गळत होतं?"

तिनं ओढणी पिळली. "माहीत नाही, मॅडम."

"मग हे?"

"फाइलमध्ये होतं. सगळ्यांत वर. मला ते वाक्य फार आवडलं, मॅडम. सोपं आहे आणि..." ती घाबरून थांबली. "चुकलं का काही?"

मला हसू आवरेना. इतकी हसले की शेजारच्या खोलीतून आबांची नात डोकावून गेली. मग डोळे पुसले, पेनाला टोपण लावलं आणि रिपोर्ट तिच्या हातात परत दिला.

"चल," मी उठत म्हणाले. "खाली जाऊ. तीन नंबर कुठं आहे ते दाखव मला."